आठव्या दिवसाची नोंद

मी कविता लिहितो, पण पोट भरले ते कारकुनीवर. बी.ए. झाल्यावर दोन-तीन वर्षे इकडेतिकडे फिरलो आणि एका लहान गावच्या नगरपालिकेत चिकटलो. माझ्या वाट्याला जन्म-मृत्यूच्या नोंदणीचे टेबल आले. जन्माची नोंद करायला येणारा माणूस खुशीत असायचा, कधी पेढाही ठेवायचा. मृत्यूची नोंद करायला येणारा मात्र दारातच घुटमळायचा. मी नाव, वय, पत्ता लिहून घ्यायचो आणि मग एका रकान्यापाशी थांबायचो. त्या रकान्याचे नाव होते 'मृत्यूचे कारण'.

"काय झालं होतं?" मी विचारायचो.

"ताप होता, साहेब." "छातीत कळ आली." "काही नाही, वय झालं होतं." जे सांगितले जाई ते मी लिहीत असे. दवाखान्यात मेलेल्याचा डॉक्टरांचा दाखला यायचा. घरी मेलेल्याचे कारण घरचेच सांगायचे. कवीला एका शब्दाचे चार अर्थ निघाले तर आनंद होतो. या रकान्याला मात्र एका शब्दाचा एकच अर्थ हवा होता, आणि तोच तिथे सापडत नव्हता.

एकदा कुणाच्या तरी पेन्शनसाठी जुनी तारीख शोधायची होती, म्हणून कापडी बांधणीची एक जुनी नोंदवही काढली. पाने उलटता उलटता माझ्याच वडिलांचे नाव दिसले. साल १९६८. मुलगा, वय ८ दिवस. मृत्यूचे कारण : आकडी. हा माझा थोरला भाऊ. तो होऊन गेला एवढेच घरात माहीत होते. आमच्याकडे सातव्या दिवशी अकीका करून मुलाचे नाव ठेवतात. सातव्या दिवशी तो आजारी होता, म्हणून नाव ठेवायचे राहून गेले. नोंदवहीत त्याच्या नावाची जागा कोरी होती.

मग मी मागची-पुढची पाने चाळली. वय ७ दिवस, आकडी. वय ९ दिवस, आकडी. हिंदू, मुसलमान, सगळ्या आळ्यांतली मुले. तेव्हापासून या रकान्याचा इतिहास मी जमेल तसा वाचत आलो आहे. तोच आज थोडक्यात सांगतो.

रोगांना नावे ठेवण्याचे काम माणसाने फार पूर्वी सुरू केले. आपल्याकडे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवाने 'माधवनिदान' हा ग्रंथ केला. त्यात औषधोपचार नाहीत. रोग ओळखायचा कसा, एवढाच विषय. १०३७ साली वारलेल्या इब्न सीनाच्या 'कानून' या ग्रंथाचे पाच भाग आहेत. तिसऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे रोग आहेत, आणि चौथ्यात तापासारखे सबंध शरीर व्यापणारे रोग. ही विभागणी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे. लोकांनीही आपल्या परीने नावे दिली : देवी, गोवर, पटकी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे 'मानमोडी' म्हटले गेले. ही नावे बोलकी आहेत, पण ती दर मुलखात बदलतात. एका गावचा ताप आणि दुसऱ्या गावचा ताप एकच की वेगळा, हे नावावरून कळत नाही. वैद्यासमोर रोगी असतो, त्यामुळे त्याचे काम चालून जाते. हजार माणसे कशाने मेली हे ज्याला मोजायचे आहे, त्याचे चालत नाही.

मोजणीची ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती एका कापड व्यापाऱ्याने. लंडनमध्ये प्लेगच्या भीतीने दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जात असे. कुणी मेले की त्या त्या धर्मवस्तीतल्या म्हाताऱ्या बाया जाऊन प्रेत पाहत आणि कारण सांगत. त्या यादीत क्षय होता, देवी होत्या, आणि 'दुःखाने', 'घाबरून', 'अचानक', 'दात आणि जंत' अशीही कारणे होती. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने कित्येक वर्षांच्या याद्या जमवल्या आणि १६६२ मध्ये त्यांवर एक छोटे पुस्तक काढले. याद्यांत मेलेल्याचे वय नसायचे. तेव्हा आकडी, दात, जंत, मुडदूस अशी लहान मुलांचीच म्हणून ओळखली जाणारी कारणे त्याने एकत्र केली आणि अंदाज बांधला, की शंभरांतली छत्तीस मुले सहाव्या वर्षाच्या आत मरतात. गरमीच्या रोगाने मेलेले लोक यादीत फार थोडे का, याचाही त्याने शोध घेतला. म्हाताऱ्यांच्या हातावर चार पैसे ठेवले की त्या 'क्षय' सांगून मोकळ्या होत! आमच्या नोंदवहीतली आकडी मला तिथे, तीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये भेटली.

अठराव्या शतकात युरोपातल्या विद्वानांना वनस्पतींचे वर्गीकरण करण्याचा नाद लागला होता. फ्रान्समध्ये माँपेलिए इथल्या बोआसिए द सोव्हाज या वैद्याने रोगांचेही तसेच वर्ग, गण आणि जाती पाडल्या. १७६३ मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथात दहा वर्ग आणि सुमारे चोवीसशे रोग होते. वनस्पतींना दुहेरी नावे देणाऱ्या लिनियसनेही रोगांचे वर्गीकरण केले. पण फुलाच्या पाकळ्या मोजता येतात, तशी तापाची नसतात. सोव्हाजने मोजलेली बरीचशी झाडे म्हणजे नुसती लक्षणेच होती. एकाच रोगाची दहा लक्षणे दहा रोग ठरायची, आणि दहा रोगांचे एक लक्षण एकच रोग ठरायचे.

पुढचे पाऊल इंग्लंडमध्ये पडले. १ जुलै १८३७ पासून तिथे सरकारी मृत्यूनोंदणी सुरू झाली, आणि तिच्या कचेरीत विल्यम फार हा गरीब घरातून वर आलेला डॉक्टर लागला. तोही एका अर्थाने माझ्यासारखा रकाने भरणाराच. सुमारे चाळीस वर्षे त्याने हे काम केले. पहिल्याच अहवालात त्याने तक्रार नोंदवली, की एकेका रोगाला तीन-तीन, चार-चार नावे आहेत आणि एकच नाव अनेक रोगांना चालते. पदार्थविज्ञानात वजनमापांना जे महत्त्व, तेच या शास्त्रात रोगांच्या ठरीव नावांना आहे, असे त्याचे म्हणणे होते. बाजारात प्रत्येक वाण्याचा शेर वेगळा असेल तर हिशेब कसा जुळायचा?

त्याच अहवालावरून एक वाद झाला. उपासमारीने मेलेल्या ६३ माणसांची नोंद फारने दाखवली होती. गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे चिटणीस होते एडविन चॅडविक. त्यांना हे मान्य होईना. या मंडळाच्या राज्यात माणसे भुकेने मरतात असे सरकारी कागदावर येणे त्यांना परवडणारे नव्हते. ही माणसे कुठल्या ना कुठल्या आजारानेच मेली असणार, असा त्यांचा दावा. फारचे उत्तर असे, की भूक बहुधा आजाराच्या हातूनच मारते. अपुरे अन्न शरीर पोखरते आणि मग कुठलाही रोग पुरतो. मित्रहो, हा वाद १८३९ चा. आपल्या मेळघाटातल्या बालमृत्यूंवर १९९० च्या दशकापासून जी चर्चा होत आली, ती आठवून पाहा. मूल कुपोषणाने गेले की न्यूमोनियाने? 'न्यूमोनिया' लिहिले की प्रश्न औषधाचा होतो, 'कुपोषण' लिहिले की भाकरीचा आणि रोजगाराचा. रकाना एकच, पण त्यात कोणता शब्द पडतो यावर जाब कुणाला विचारायचा हे ठरते.

फारला सगळ्या देशांसाठी एकच यादी हवी होती. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला संख्याशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पीन या दोघांना तशी यादी करायला सांगितली. दोघांनी दोन याद्या आणल्या! फारच्या मांडणीत साथीचे रोग, सबंध शरीराचे रोग, अवयवांचे रोग, वाढीशी संबंधित विकार आणि हिंसा-अपघात असे पाच भाग होते. इब्न सीनाची जुनी विभागणी इथे ओळखू येते. परिषदेने दोन्ही याद्या मिळवून १३९ नावांची एक तडजोड केली, पण ती सगळीकडे चालली नाही. पुढे पॅरिसच्या झाक बेर्तियाँ यांनी नवी यादी केली. १८९३ मध्ये शिकागोला ती स्वीकारली गेली, आणि १९०० मध्ये पॅरिसला २६ देशांच्या प्रतिनिधींनी तिची पहिली उजळणी केली. दर दहा वर्षांनी यादी तपासायची असे ठरले. विज्ञान बदलते तशी नावेही बदलली पाहिजेत, हे त्यांनी मान्य केले, हा त्यांचा शहाणपणा.

कारण मधल्या काळात विज्ञान खरोखरच बदलले होते. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला. फुप्फुसाचा क्षय, मानेच्या गाठी, हाडाची कीड हे वेगवेगळे समजले जाणारे रोग एकाच जंतूच्या नावाखाली आले. उलट 'ताप' हा एक रोग होता, त्याचे विषमज्वर, मलेरिया असे तुकडे पडले. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थ 'वाईट हवा'. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला. हवा निर्दोष ठरली, तरी नाव तसेच राहिले.

याच सुमारास आपल्या दारात काय चालले होते? सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रोग्याच्या गाठी पाहिल्या आणि हा प्लेग आहे असे सांगितले. ते नाव उच्चारणे सोपे नव्हते. प्लेग म्हटले की बंदरे बंद, व्यापार बंद. पुढे साथरोग कायदा आला, घरोघर तपासणी सुरू झाली, माणसे उचलून छावणीत नेली जाऊ लागली. मग घरचे लोक गाठ लपवू लागले आणि 'साधा ताप' सांगू लागले. मुंबईत नेहमीपेक्षा किती जास्त माणसे मेली आणि प्लेगच्या रकान्यात किती पडली, यांचा मेळ बसत नव्हता. पुण्यात १८९७ मध्ये या जुलमी तपासणीतून रँडचा खून झाला. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यात, मुसलमान विणकरांच्या वस्तीत, एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. त्याआधी वर्षभर, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. नाव सांगितले की माणूस घरातून जातो, अशी भीती असेल तर लोक खरे नाव सांगत नाहीत.

१९४८ मध्ये ही यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. ती सहावी आवृत्ती. तोवर यादी मुख्यतः मेलेल्यांसाठी होती; आता जिवंत माणसांचे आजारही तिच्यात आले, मनाच्या विकारांना वेगळा विभाग मिळाला. मृत्यूचा दाखला कसा लिहायचा तेही ठरले. शेवटी काय झाले ते आधी लिहायचे, ते कशामुळे झाले ते त्याखाली, आणि या साखळीची सुरुवात जिथे झाली ते मूळ कारण सर्वांत खाली. मोजायचे ते मूळ कारण. आपल्याकडे दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' असे सर्रास लिहिलेले असते. प्रत्येकाचे हृदय शेवटी बंदच पडते, मित्रहो! तो मृत्यूचा अर्थ झाला, कारण नव्हे. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अकरावीत सुमारे सतरा हजार संकेतांक आहेत. भाषा कुठलीही असो, संकेतांक एकच.

पण या यादीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाव औषधापर्यंत नेते, तसे बहिष्कृतही करते. १८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने, गुलाम मालकाकडून पळून जातात हा एक मानसिक रोग आहे असे लिहिले आणि त्याला भारदस्त ग्रीक नावही दिले. समलैंगिकता १९९० पर्यंत जागतिक यादीत विकार म्हणून होती. त्या वर्षी १७ मे रोजी ती काढली गेली. आपल्याकडे 'महारोग' या शब्दाने किती माणसांना गावाबाहेर काढले! १८७३ मध्ये नॉर्वेत हान्सेन यांनी त्याचा जंतू दाखवला, पुढे औषध आले, रोग बरा होऊ लागला. तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या निरनिराळ्या धर्मांच्या विवाह कायद्यांत २०१९ पर्यंत राहिले. माणूस बरा झाला तरी शब्द त्याच्या मागे चालत असतो. म्हणून २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की नव्या रोगाला गावाचे, माणसाचे, प्राण्याचे, जमातीचे नाव देऊ नका. ११ फेब्रुवारी २०२० रोजी 'कोविड-१९' हे कोरडे नाव आले ते याच विचारातून.

आपल्या देशात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. पण नोंद होणे वेगळे आणि कारण डॉक्टरने प्रमाणित करणे वेगळे. २०२० च्या सरकारी अहवालानुसार नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांचे कारण वैद्यकीयरीत्या प्रमाणित झाले होते. बाकीचे 'काय झालं होतं?' आणि 'ताप होता, साहेब' यांतच राहिले. यावर एक उपाय शोधला गेला. २००१ पासून महानिबंधकांच्या कार्यालयाच्या मदतीने लाखो मृत्यूंचा मोठा अभ्यास हाती घेतला गेला. प्रशिक्षित माणसे घरोघर जातात, घरच्यांना शेवटच्या दिवसांची हकिकत विचारतात, ती त्यांच्याच शब्दांत लिहून घेतात. मग दोन डॉक्टर ती वेगवेगळी वाचून कारण ठरवतात. या अभ्यासातून कळले, की २००५ या एका वर्षात देशात सुमारे ४६ हजार माणसे सर्पदंशाने मेली. हा आकडा २०११ मध्ये छापून आला, तेव्हा सगळे चकित झाले. शेतात, झोपडीत, मांत्रिकाच्या ओट्यावर मेलेली ही माणसे दवाखान्याच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले.

आता माझ्या भावाकडे येतो. ती नोंद सापडली तेव्हा मी आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "आईला विचारा, पहिले दोन दिवस मूल नीट पीत होतं का?"

घरी येऊन अम्मीला विचारले. आमच्या घरात दखनी बोलतात. ती म्हणाली ते मराठीत सांगतो. "दोन दिवस चांगला प्यायला रे. रडायचाही मोठ्यानं. पाचव्या दिवशी तोंडच उघडेना. हात लावला की अंग कमानीसारखं ताठायचं. दिव्याचा उजेडसुद्धा सोसायचा नाही."

हे ऐकून डॉक्टरांनी मला एक पुस्तक दाखवले. त्यात नवजात धनुर्वाताची व्याख्या होती. पहिले दोन दिवस जे मूल नीट दूध ओढते व रडते, आणि तीन ते अठ्ठावीस दिवसांच्या दरम्यान ज्याला दूध ओढता येत नाही, अंग ताठते किंवा झटके येतात, ते मूल. दहाव्या आवृत्तीतला त्याचा संकेतांक ए ३३. जिनिव्हात बसून तज्ज्ञांनी लिहिलेली ती चार वाक्ये आणि अम्मीची चार वाक्ये एकच होती. अम्मीने कमान म्हटले, आयुर्वेदाने धनुष्य. नाळ न उकळलेल्या विळीने किंवा पात्याने कापली की हा जंतू शिरतो. आकडी हे नुसते लक्षण. तेवढे लिहिले की पुढचा रस्ता बंद. धनुर्वात लिहिले की रस्ता उघडतो : गरोदर बाईला दोन सुया आणि स्वच्छ पाते. ती लस १९२० च्या दशकातच तयार झाली होती, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना दिली गेली होती. १९६८ मध्ये ती आमच्या आळीपर्यंत पोहोचली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १९८८ या एका वर्षात जगात ७ लाख ८७ हजार नवजात मुले या रोगाने गेली. मोजल्यावर मोहीम निघाली, आणि २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी रोगी.

मी अम्मीला रोगाचे नाव सांगितले, तो कसा होतो तेही सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी त्याला तिन्हीसांजेला अंगणात नेलं, त्यानं नाही झालं?"

पंचवीस-तीस वर्षे तिच्या मनात हे होते, आणि आम्हांला कुणाला माहीत नव्हते. कुणीतरी तेव्हा म्हणाले असेल, नजर लागली, वारे लागले. रकान्यात शब्द नव्हता म्हणून दोष तिने स्वतःकडे घेतला होता.

"नाही अम्मी," मी म्हणालो. "पात्यामुळं झालं."

"दाईला तरी काय माहीत, बिचारीला," ती म्हणाली, आणि उठून चुलीकडे गेली.

जुन्या नोंदवहीतली ती ओळ तशीच आहे; तिच्यात फेरफार करण्याचा मला अधिकार नव्हता. पण त्यानंतर टेबलासमोर कुणी येऊन 'ताप होता' म्हटले, की मी पेन खाली ठेवायचो आणि समोरच्याला बसायला सांगायचो. ताप किती दिवस होता, आधी काय झाले, मग काय झाले, हे विचारायचो. मागे रांग खोळंबायची, लोक कुरकुरायचे. पण समोरचा माणूस सांगत राहायचा.